घटला तो मेद की क्लेद?

पोळी-भात वर्ज्य केलेला रुग्ण आठवड्यात २ किलो वजन उतरल्याचे आनंदाने सांगतो, तेव्हा त्याचे श्रेय आपल्या मेदोहर गुग्गुळास देण्याचा मोह वैद्याने आवरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

यकृत व स्नायू मिळून सुमारे ५०० ग्रॅम ग्लायकोजेन साठवितात; त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी असते. पिष्टमय आहार कमी होताच हा साठा आटतो. इन्सुलिनची पातळीही उतरते व वृक्क अधिक सोडियम आणि पाणी मूत्रावाटे बाहेर टाकतात. पहिल्या आठवड्यातील घट मुख्यत्वे हीच. भात पुन्हा सुरू होताच ती भरून निघते. चरकसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाच्या दूष्यांमध्ये मेद आणि शरीरज क्लेद पृथक् सांगितले आहेत. तो विवेक आपणच विसरावा काय?

प्रश्न केवळ श्रेयाचा नाही. इन्सुलिन वा ग्लिमेपिराइड घेणाऱ्या रुग्णाने एकाएकी असा आहार घेतल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत खालावू शकते. मूत्रल औषधे चालू असल्यास रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. एसजीएलटी-२ रोधक औषधांसोबत तर शर्करा फारशी वाढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस संभवतो.

म्हणून चालू औषधांची चौकशी केल्याविना हा आहार सुचवू नये. मात्रेतील बदल संबंधित डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्यावा. वजनासोबत कमरेचा घेरही दरमहा नोंदवावा. औषधविक्रेत्यांनीही पहिल्या आठवड्याचे आकडे जाहिरातीत मिरवू नयेत. वजन परत वाढले की रुग्णाचा विश्वास उडतो, आणि त्यात हानी आपल्या शास्त्राचीच होते.