नाकीडोळी नीटस कुणी ठरवलं?

'नाकीडोळी नीटस' हा शब्द आता जुन्या लग्नजाहिरातींतला वाटतो. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या बायोडेटात तो दिसत नाही. पण तो गेला असं समजू नका, त्याने फक्त कपडे बदललेत. आज तो तुमच्या फोनवर 'तुमचा आय शेप कोणता?' असं विचारत येतो. हूडेड की मोनोलिड? डाउनटर्न्ड की अल्मंड? स्क्रीनशॉट काढा, आरशात बघा, आपला खण शोधा. खण सापडला की त्या खणाचा दोष सांगतात आणि दोष सांगून झाला की त्यावरचा उतारा. बारीक डोळे 'मोठे' करा, जवळचे डोळे 'लांब' करा, उतरते डोळे 'वर उचला'. बदामी डोळ्यांचा एक खण सोडला तर बाकी सगळ्यांपुढे एकच शब्द लिहिलेला असतो: करेक्शन. म्हणजे दुरुस्ती.

दुरुस्ती मोडलेल्या वस्तूची करतात. डोळा कधी मोडला होता?

माझं म्हणणं सरळ आहे. हा तक्ता फेकून द्यावा, काजळाची डबी मात्र ठेवावी. हे आधीच सांगून टाकतो, कारण मेकअपवर कुणी तोंड उघडलं की दोन प्रकारची माणसं लगेच टाळ्या वाजवायला येतात. पहिले, 'पोरींना नखरेच फार' म्हणणारे काका. दुसरे, 'नैसर्गिक सौंदर्यच खरं' असं स्टेटस ठेवणारे सज्जन. दोघांनीही टाळ्या आवरत्या घ्याव्यात. तुपाच्या दिव्यावर ताटली पालथी घालून काजळ धरणारी आजी नखरेवाली नव्हती, आणि ते काजळ नैसर्गिकपणे डोळ्यांत उगवतही नव्हतं. डोळे रंगवणं ही माणसाची जुनी आणि चांगली हौस आहे. भांडण त्या हौशीशी नाही. हौसेच्या जागी न्यूनगंड बसवून त्याच्यावर दुकान चालवणाऱ्या विचाराशी आहे.

आधी त्या तक्त्याचं मूळ बघू. 'दोन डोळ्यांमध्ये बरोबर एका डोळ्याएवढं अंतर हवं' हा त्यातला सगळ्यात लाडका नियम. ऐकायला अगदी शास्त्रीय. तो आला युरोपातल्या चित्रकारांच्या प्रमाणबद्धतेच्या नियमांतून, म्हणजे चित्र कसं काढावं यासाठी केलेल्या सोयीतून. १९८५ मध्ये टोरांटोच्या लेस्ली फारकस यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे जुने नियम हातात घेऊन उत्तर अमेरिकेतल्या गोऱ्या तरुण-तरुणींचे चेहरे खरोखर मोजले. डोळ्यांच्या अंतराचा हा नियम त्यातल्या बहुतेकांना लागूच पडला नाही. ज्या लोकांच्या चित्रांतून नियम निघाला, त्यांच्याच नातवंडा-पतवंडांना तो बसत नाही. मग करवीर तालुक्यातल्या पोरीने तो आपल्या कपाळाखाली का बसवून घ्यायचा?

'पण मेकअपला काहीतरी नियम लागतातच की,' असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, लागतात. फक्त ते चेहऱ्याच्या दोषांचे नसतात. ते उजेडाचे आणि अंतराचे असतात. हे शिकायला कोरियाला किंवा हॉलिवूडला जायची गरज नाही. कोल्हापुराएवढी याची शाळा क्वचितच कुठे असेल.

खासबाग मैदानाला लागून उभं असलेलं केशवराव भोसले नाट्यगृह घ्या. शाहू महाराजांनी बांधलेलं हे पॅलेस थिएटर १९१५ मध्ये सुरू झालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं तेव्हा सगळं गाव हळहळलं. ज्या केशवरावांचं नाव त्याला आहे, त्या कोल्हापूरच्या गायक-नटाने लहान वयात 'शारदा' नाटकातली शारदा केली होती. पुढे बालगंधर्व भामिनी आणि सिंधू करत होते. पुरुषाची भुवई, पुरुषाचा जबडा, आणि बसलेले शेकडो प्रेक्षक, शेवटची रांग पार लांब. तिथे डोळ्याची रेघ ठळक असायची ती शेवटच्या रांगेतल्या माणसाला नजर कळावी म्हणून. लांबून डोळा पुसट होतो, भाव दिसत नाही, म्हणून त्याला काळी कड द्यायची. ही सगळी रंगमंचाची गरज.

आणि गंमत बघा. बालगंधर्वांच्या साडीची, गजऱ्याची, चालण्याबोलण्याची नक्कल घरंदाज बायका करत होत्या. म्हणजे ज्याला आपल्याकडे काही काळ बाईपणाचा आदर्श मानलं, तो एका पुरुषाच्या चेहऱ्यावर रंगवलेला होता. 'हे नाक, हे डोळे म्हणजेच खरी बाई' असं सांगणाऱ्या कुठल्याही तक्त्याला एवढं एक उदाहरण पुरेसं आहे.

आता रंगमंचावरून पडद्यावर या. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० चा. कोल्हापुरातच १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. मूकपटाच्या त्या जमान्यात सर्रास वापरली जाणारी फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. तिच्यावर लाल रंग काळा उमटायचा आणि निळा पांढुरका. गालाला लाली लावली तर पडद्यावर गालाला खड्डा पडल्यासारखा दिसायचा. निळ्या डोळ्यांचे गोरे नट त्या फिल्मवर बुबुळं नसलेल्या भुतासारखे दिसायचे, ही हॉलिवूडची खरी डोकेदुखी होती. आपल्याकडचे गडद तपकिरी, काळे डोळे मात्र त्याच फिल्मवर झकास उमटत. विशीच्या दशकाच्या अखेरीस सगळे रंग टिपणारी फिल्म रुळली आणि मेकअपचे सगळे रंग नव्याने बनवावे लागले. माणसांचे चेहरे होते तेच राहिले, बदललं ते समोरचं यंत्र. यंत्र बदलताच कालचा 'दोष' आज नाहीसा झाला आणि कालची 'शोभा' आज निरुपयोगी ठरली.

तुमच्या हातातलं यंत्रही असंच आहे. फोन हाताच्या अंतरावर धरून काढलेला सेल्फी चेहरा वाकवतो. जवळची वस्तू मोठी दिसते, नाक पुढे येतं, कान मागे सरकतात. २०१८ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी गणित करून दाखवलं की बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक, पाच फुटांवरच्या फोटोच्या तुलनेत, सुमारे तीस टक्के रुंद दिसतं. नाक फुगलं की त्याच्या शेजारचे डोळे आपोआप किरकोळ वाटतात. मग आपण म्हणतो, माझे डोळे बारीक आहेत. डोळे बारीक नाहीत, हात आखूड आहे! त्यात समोर रिंग लाइट. तो चेहऱ्यावरच्या सगळ्या सावल्या खाऊन टाकतो, पापणीची नैसर्गिक घडी सपाट करतो, आणि मग तीच घडी तपकिरी पावडरीने परत काढायला शिकवतो. आधी पुसायचं, मग काढायचं, आणि मधल्या मधे पॅलेट विकायचं.

त्या रीलमधली ती घडी रिंग लाइटच्या उजेडात, एका फुटावरून, डोळे टक्क उघडे ठेवून, तीस सेकंदांसाठी काढलेली असते. आता तीच उचलून कोल्हापूरच्या लग्नात आणा.

नवरी सकाळी मुहूर्ताला बसते. डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना मुंडावळ्या लोंबतात. अंतरपाट धरलेला असतो, मंगलाष्टकं चाललेली असतात, आणि नजर खाली असते. पुढे होम. उजेड खालून, ज्वाळेचा. धूर थेट डोळ्यांत. तास-दीड तास नवरीचे डोळे एकतर झुकलेले नाहीतर चुरचुरत असतात. लोकांना दिसते ती मिटत आलेली पापणी आणि तिची कड. उघड्या डोळ्यासाठी केलेलं 'हूडेड आय करेक्शन' तिथे कुणाला दिसणार? खाली बघितलं की ती उसनी घडी मूळ घडीच्या वर एखाद्या चुकलेल्या रेघेसारखी उघडी पडते. आतल्या कडेला भरलेलं काजळ धुराच्या पाण्याबरोबर गालावर येतं. पाठवणीला जे व्हायचं ते वेगळंच. संध्याकाळी स्वागत समारंभाला मात्र सगळं उलटं. समोरून व्हिडिओवाल्याचा पांढरा झगझगीत दिवा, नजर सरळ, आणि दोन-तीनशे लोकांबरोबर फोटो. तिथे ठळक रेघ शोभते, कारण तो दिवा डोळ्याचा काळेपणा पिऊन टाकतो.

एकच नवरी, एकच दिवस, तेच डोळे, आणि दोन पूर्ण वेगळे मेकअप. तिच्या डोळ्यांचा 'प्रकार' सकाळी आणि संध्याकाळी बदलला का? म्हणून विचारायचे प्रश्न तीनच. उजेड कुठला? बघणारा किती लांब? आणि हे डोळे त्या वेळात काय करणार आहेत: झुकणार, हसणार, रडणार? त्यांची उत्तरं मिळाली की हात कुठे जड ठेवायचा आणि कुठे हलका, हे कळतं. सकाळी रंग पापणीवर, संध्याकाळी रेघ कडेला. यात कुणाचं काही दुरुस्त करावं लागत नाही.

तरीही दुरुस्तीचा हट्ट चालूच राहतो, आणि त्याची सगळ्यात वाईट बाजू डोळ्यांखाली दिसते. आपल्यापैकी कितीतरी जणांची डोळ्यांभोवतीची कातडी बाकी चेहऱ्यापेक्षा थोडी गडद असते. आईची असते, मामाची असते, आपलीही असते. तो घराण्याचा रंग आहे. प्रत्येक वेळी तो जागरणाचा पुरावा नसतो. तो झाकायला चेहऱ्यापेक्षा दोन छटा उजळ कन्सीलर थापतात आणि गव्हाळ, सावळ्या चेहऱ्यावर दोन राखाडी टिकल्या उठतात. फोटोच्या फ्लॅशमध्ये त्या पांढऱ्या चमकतात. मग नवरीला सांगतात, 'तुझी स्किनच तशी आहे.' माल चुकीच्या छटेचा, हात घाईचा, आणि दोष कातडीला.

खरे दोष शोधायचेच असतील तर मी दाखवतो, आणि ते एकाही मुलीच्या चेहऱ्यावर नाहीत. एकच काजळ पेन्सिल दहा जणींच्या डोळ्यांत फिरते, हा दोष आहे. वाळत आलेल्या मस्काऱ्यात पाणी घालून तो पुढच्या सीझनपर्यंत पुरवतात, हा दोष आहे. पापणीच्या कडेला बारीक तेलग्रंथी असतात, त्या डोळा ओला ठेवायला मदत करतात. त्यांच्या तोंडावर रोज थर चढवून तो न धुता झोपणं, हा दोष आहे. भारतात २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार रंगासाठी शिसं किंवा आर्सेनिकची संयुगं वापरायला बंदी आहे. तरी घटक न लिहिलेल्या डबीतला सुरमा 'देशी आहे, चांगलाच असणार' म्हणून बाळाच्या डोळ्यांत घालतात, हा तर गुन्हाच. पारंपरिक सुरम्यात शिसं असू शकतं, आणि बाळ डोळे चोळून तीच बोटं तोंडात घालतं. तीट बाळाच्या गालाला लावा, डोळ्यांत काही घालू नका. यांतल्या प्रत्येक गोष्टीला खरी दुरुस्ती हवी. पण तिच्यातून नवं पॅलेट विकलं जात नाही, म्हणून तिच्यावर रील बनत नाही.

याची झळ फक्त नवरीला लागत नाही. कोल्हापुरात, इचलकरंजीत, गडहिंग्लजला कितीतरी मुली मेकअपचा कोर्स करून पोट भरताहेत. कुणी घरच्या पहिल्या खोलीत आरसा लावलाय, कुणी स्कूटीवर किट बांधून पहाटे चारला वाडीवस्तीवरच्या लग्नाला निघतेय. हे कष्टाचं, कसबाचं काम आहे आणि त्याचे पैसे नीट मिळालेच पाहिजेत. पण तिला शिकवताना हातात तक्ता दिला आणि उजेड शिकवला नाही, तर तिचं कसब कधी वाढणारच नाही. ती दर लग्नात तोच चेहरा रंगवत राहील, आणि तो चेहरा फुकट रंगवून देणारा फिल्टर एक दिवस तिचं काम खाईल. फिल्टरला होमाचा धूर कळत नाही. तिला कळू शकतो. तिचं मोल तिथेच आहे.

तेव्हा शिकवणाऱ्यांनी पहिल्या दिवशी मुलींना खिडकीपाशी बसवावं, मग ट्यूबलाइटखाली, मग एका निरांजनासमोर, आणि एकच रेघ तिन्हीकडे बघायला लावावी. आणि तुम्ही, ज्यांचं लग्न यंदा आहे, ट्रायलला जाल तेव्हा 'माझ्या डोळ्यांना काय सूट होईल?' असं विचारू नका. त्या प्रश्नातच हार आहे. 'हॉलमध्ये दिवे कसे आहेत हे तुम्ही बघितलंय का?' असं विचारा. उत्तर न देता कुणी तुमच्या पापणीत खोट काढायला लागलं, तर ॲडव्हान्स देऊ नका.