ताईच्या घरी, जोहान्सबर्गला

मागील दोन अंकांत हे सदर माझ्या एका सहकारी भगिनीने चालविले, ते का, असे विचारणारी बरीच पत्रे कचेरीत येऊन पडली आहेत. वाचकहो, कारण साधेच आहे. मे महिन्यात आम्ही उभयता तीन आठवडे दक्षिण आफ्रिकेत होतो. दिल्लीचे ऊन चुकविण्यासाठी लोक मसुरी-नैनितालला जातात. आम्ही विषुववृत्त ओलांडून सरळ हिवाळ्यात जाऊन पोहोचलो.

परंतु हा प्रवास केवळ हौसेचा नव्हता. माझी थोरली बहीण बारा वर्षे जोहान्सबर्गला राहत आहे. निघण्याच्या आदल्या रात्री अकोल्याहून आईचा फोन आला. सांडगे, मेतकूट, भाच्यासाठी शिवलेला सदरा अशी यादी सांगून झाल्यावर ती म्हणाली, “आणि तिला एवढं एकच विचारून ये. परत येणार आहे, की आता तिथलीच होणार?” फोनवर हे विचारता आले नसते असे नाही. पण काही गोष्टी समोरासमोर बसूनच विचाराव्यात असे आईचे मत आहे, आणि ते काम माझ्या वाट्याला आले.

प्रवासाच्या तयारीविषयी थोडक्यात सांगते, कारण जाऊ इच्छिणारे वाचक प्रथम तेच विचारतील. दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा आधीच काढून ठेवावा लागतो. आम्ही आदिस अबाबामार्गे गेलो. इथिओपियासारख्या देशांतून येणे-जाणे असेल तर पीतज्वराची लस टोचून घ्यावी. ती ठरावीक केंद्रांवरच मिळते आणि टोचल्यानंतर दहा दिवसांनी तिचा दाखला ग्राह्य धरला जातो. मात्र एकदा मिळालेला दाखला आता आयुष्यभर चालतो. आमच्या ह्यांनी हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलले होते. त्यावरून घरात जे बोलणे झाले ते येथे देत नाही.

जोहान्सबर्ग हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,७५० मीटर उंचीवर आहे. १८८६ साली तेथे सोने सापडले आणि उघड्या माळावर शहर उठले. जवळपास ना मोठी नदी, ना समुद्र. केवळ जमिनीच्या पोटातील धातूसाठी वसलेले एवढे मोठे शहर जगात विरळाच. खाणींतून उपसलेल्या मातीच्या पिवळसर टेकड्या अजून शहराच्या कडेला दिसतात. मे महिन्यात दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री बोचरी थंडी. ताईने दारातच माझ्या अंगावर शाल टाकली. आणि तिच्या केसांत एवढे पांढरे कधी आले, ह्या विचारात मी आईचा प्रश्न विसरून गेले. खरे म्हणजे विसरल्याचे सोंग केले.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी आम्हांला कॉन्स्टिट्यूशन हिलवर नेले. येथील जुन्या किल्ल्याच्या तुरुंगात १९०८ साली गांधीजी होते. पुढे नेल्सन मंडेलाही होते. त्याच आवारात आज त्या देशाचे संवैधानिक न्यायालय आहे. कच्च्या कैद्यांची जी इमारत पाडली तिच्या विटा न्यायालयाच्या बांधकामात वापरल्या आहेत. माझा भाचा त्या भिंतीवर हात ठेवून मला सगळे समजावून सांगत होता. आपल्या देशाच्या बारा राजभाषा आहेत आणि बारावी, म्हणजे मूकबधिरांची खुणांची भाषा, २०२३ साली आली, हे त्याने अभिमानाने सांगितले. मराठी तो बोलतो. वाचता येत नाही. “आमच्या देशाच्या” असे तो म्हणाला तेव्हा भाऊजींनी माझ्याकडे पाहिले आणि नजर वळविली.

ज्या भाषांतराच्या कामावर माझा संसार चालतो त्या कामाशी निगडित असा एक प्रसंग येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१२ मध्ये नामदार गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर आले होते. कोकणी मुसलमान आणि महाराष्ट्रीय हिंदू श्रोते समोर असतील तेथे त्यांनी मराठीत बोलावे, हिंदुस्थानी भाषांतर मी करीन, असा गांधीजींचा आग्रह. गोखल्यांना हसू आवरेना. तुमच्या हिंदीची खोली मला कळलीच आहे, आता हे मराठी कोठे शिकलात, अशा अर्थाचे त्यांनी विचारले. गांधीजी मागे हटले नाहीत, आणि तेथून थेट झांजिबारपर्यंत अशा सभांत गोखले मराठीत बोलले व गांधीजींनी त्यांचे भाषांतर केले. गांधीजींनी स्वतःच दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या इतिहासात हे लिहून ठेवले आहे. एखादा शब्द अडला म्हणून मी तासभर खिडकीबाहेर पाहत बसते तेव्हा मला ह्या भाषांतरकाराची आठवण होते.

त्यानंतर आम्ही सर्वजण मोटारीने क्रूगर राष्ट्रीय उद्यानात गेलो. विस्तार सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर. आपल्या ताडोब्याचा गाभा, बाहेरचे क्षेत्र, सगळे धरले तरी ते ह्याच्या अकराव्या हिश्शाएवढेही भरत नाही. येथे स्वतःची गाडी घेऊन हिंडता येते. पण खाली पाय ठेवायचा नाही आणि सूर्यास्तापूर्वी मुक्कामाच्या कुंपणात शिरायचे, नाही तर दंड. मेमध्ये गवत वाळू लागते, जनावरे पाणवठ्यावर येतात. हत्तींचा एक कळप रस्ता ओलांडीपर्यंत आम्ही पाऊण तास खोळंबलो. दिल्लीत वाहनांच्या कोंडीत दहा मिनिटांत तापणारे आमचे हे त्या पाऊण तासात एक अक्षर बोलले नाहीत! चित्ता मात्र दिसला नाही. आपल्याकडील चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले; पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते मध्यप्रदेशातील कुनोला आणले गेले. “तुमच्याकडेच पाठवले ना आम्ही,” असे भाचा म्हणाला. पुन्हा तेच ‘आम्ही’.

डर्बनला आम्ही दोघे आणि ताई, असे तिघेच गेलो. १६ नोव्हेंबर १८६० रोजी ‘ट्रुरो’ नावाच्या जहाजातून मद्रासकडील मजुरांची पहिली तुकडी येथे उतरली. १९११ पर्यंत दीड लाखाहून अधिक माणसे ऊस लावायला आणली गेली. तमिळ, तेलुगू आणि भोजपुरी बोलणारी ती माणसे. त्यांच्यात मराठी फारच थोडी. बाजारात मसाल्यांचे ढीग पाहिले, पावाचा गाभा काढून त्यात रस्सा भरतात तो ‘बनी चाऊ’ खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फिनिक्सला निघालो.

फिनिक्स आश्रम गांधीजींनी १९०४ साली शंभर एकरांवर वसविला. भोवती आज इनांडा भागातील दाट वस्ती आहे. तिला भंबायी म्हणतात. मुंबईच्या जुन्या नावावरून ते पडले असे सांगतात. अकोल्याच्या मुलींना ह्या जागेचे अगत्य का, तेही सांगते. ६ मार्च १९२७ रोजी अकोल्याच्या नानाभाई मश्रूवाला ह्यांची कन्या सुशीला हिचा विवाह गांधीजींचे द्वितीय पुत्र मणिलाल ह्यांच्याशी अकोल्यातच झाला. किशोरलाल मश्रूवाला हे तिचे चुलते. वर चौतीस वर्षांचा, वधू एकोणीस वर्षांची. लग्नानंतर ही दोघे बोटीने येथे आली. मणिलाल १९२० पासून ‘इंडियन ओपिनियन’ चालवीत होते. सुशीलाबेन छापखान्यात गुजराती खिळे जुळवायला शिकल्या, मुलांना वाढविले, पतीच्या तुरुंगवासात कारभार सांभाळला. १९५६ साली मणिलाल वारले, तेव्हा पत्र त्यांनी हाती घेतले आणि १९६१ मध्ये ते बंद पडेपर्यंत चालविले. १९८५ च्या ऑगस्टमधील दंगलीत आश्रम जळाला. ‘सर्वोदय’ हे घर पुन्हा उभारून २००० साली खुले करण्यात आले. आज जे पाहायला मिळते ते हे नवे घर, जुने नव्हे.

त्या घराच्या पडवीत आम्ही बसलो होतो. हे मुद्रणालयाच्या बाजूला फोटो काढीत होते. ताई एकाएकी म्हणाली, “आईनं काय विचारायला सांगितलंय ते मला ठाऊक आहे. आम्ही अर्ज केला आहे.”

मी काही बोलले नाही.

“बाबा गेले तेव्हा माझ्याकडे भारताचाच पासपोर्ट होता. त्याचा काय उपयोग झाला? फोनच्या पडद्यावर पाहिलं मी सगळं. मध्येच चित्र गोठलं, आणि पुन्हा सुरू झालं तेव्हा उचललं होतं.”

ते मे २०२१ होते. विमानांची नेहमीची वाहतूक बंद होती; खास उड्डाणांत तिला जागा मिळाली नाही. अकोल्यात आम्ही चारच माणसे होतो. त्या दिवसांविषयी आम्ही दोघी बहिणी चार वर्षांत प्रथमच बोललो. आई तिच्यावर रागावलेली आहे, अशी तिची समजूत होती. आई म्हणे, पोरीला आम्ही नकोसे झालो. एकीचे दुसरीला सांगण्याचे धैर्य मला झाले नव्हते. दोघींमधला फोन माझ्याच घरावरून जात असूनही!

येथे कायद्याचा खुलासा करणे बरे, कारण ह्या बाबतीत घराघरांत गैरसमज आहेत. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे आपोआप संपते. मग जुने पारपत्र परत करावे लागते, आणि ‘परदेशस्थ भारतीय नागरिक’ ह्या नावाचे कार्ड मिळू शकते. नाव असे असले तरी ते नागरिकत्व नव्हे. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. येणे-जाणे मात्र आयुष्यभर विनाव्हिसा.

डर्बनहून ताई परतली आणि आम्ही दोघे केपटाऊनला गेलो. टेबल माउंटनवर १९२९ पासून तारेवरचा पाळणा चालतो. वर जाऊन पाहिले तर सगळे ढग. खाली उतरल्यावर एका किराणा दुकानात आमचे मराठी ऐकून गल्ल्यावरच्या आजीबाई थबकल्या आणि कोकणीत बोलू लागल्या. केपटाऊनमध्ये रत्नागिरी-रायगडकडील मुसलमान कुटुंबे शंभर वर्षांहून अधिक काळ नांदत आहेत. पूर्वी पुरुष एकटे येत. गावी जायचे तर सरकारी परवाना घ्यायचा, आणि मुदतीत परतले नाही तर येथे राहण्याचा हक्क गमवायचा. तारीख चुकेल ह्या धास्तीने लोक लग्ने आणि मयते अर्धी टाकून बोटीत बसत, असे आजीबाई सांगत होत्या. पुढे भारताने १९४६ साली वर्णद्वेषी राजवटीशी व्यापार तोडला. पूर्ण राजनैतिक संबंध १९९३ मध्ये जुळले. मधल्या काळात भारतीय पारपत्रावर हा देश वर्ज्य म्हणून नोंद असे. “माझ्या माहेरचं कोणी कधी आलं नाही,” त्या म्हणाल्या. पैसे घेतले नाहीत. खजुराचे एक पाकीट वर दिले.

झांबेझीवरील धबधबा पाहिल्याविना परतायचे नाही, हा ह्यांचा हट्ट. म्हणून दोन दिवस व्हिक्टोरिया फॉल्सला काढले. १,७०८ मीटर रुंद आणि १०८ मीटर खोल असे हे पाणी पडते. लिव्हिंगस्टनने १८५५ साली ते पाहून राणीचे नाव दिले. तेथील लोकांचे नाव ‘गर्जणारा धूर’ अशा अर्थाचे आहे आणि तेच खरे. मेमध्ये पाणी इतके असते की तुषारांपलीकडे काही दिसतच नाही. रेनकोट असूनही आम्ही भिजलो. धबधबा डोळ्यांनी पाहायचा असेल त्यांनी उन्हाळ्याच्या तोंडाशी, म्हणजे आपल्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जावे.

दिल्लीस परतल्यावर पहिल्याच शनिवारी मी अकोल्याची गाडी धरली. फोनवर सांगायचे नाही असे ठरविले होते. आई अंगणात वाती वळत बसली होती. मी अर्जाचे सांगितले, आणि बाबांच्या वेळचे सांगितले. पडद्यावरचे चित्र गोठल्याचे देखील. तिने वाती बाजूस ठेवल्या. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग उठून आत गेली, कपाटाची किल्ली फिरल्याचा आवाज आला, आणि ती शेताचा सातबारा घेऊन बाहेर आली.

“ह्याच्यावर तिचं नाव राहील का?”

वारसाने आलेली जमीन असे कार्डधारक ठेवू शकतात, असे मी सांगितले.

“मग राहू दे,” ती म्हणाली. “पोराला सुट्टी कधी लागते तिकडे?”

“जूनच्या अखेरीस.”

“पेरण्या झालेल्या असतात तेव्हा,” असे म्हणून तिने मला ताईला फोन लावायला सांगितले, आणि ह्या वेळी तो माझ्या हातातून स्वतःकडे घेतला.