नकोशी भिंत
आजच्या यंत्रांपैकी कोणते उद्याच नाहीसे झाले तर आवडेल, असे कुणी विचारले तर आमचे उत्तर ठरलेले आहे: मिरवणुकीतली डीजेची भिंत. ट्रकवर एकावर एक रचलेले स्पीकर गल्लीत शिरले की तावदाने थरथरतात, तान्ही मुले दचकून रडू लागतात. हृदयविकाराच्या रुग्णाला दारे-खिडक्या लावूनही सुटका नसते. खर्जातले ठोके थेट छातीत उतरतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. या भिंती शंभरी सहज ओलांडतात, आणि दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. कानातल्या केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यात आता लेझरचे झोत. असा झोत थेट डोळ्यात गेला तर दृष्टिपटल जाळू शकतो.

उत्सव मुक्याने साजरा करा, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ढोल-ताशाही दणदणीत असतो, तिथेही पथकांच्या संख्येला आवर हवाच. पण ढोल वाजवणारा माणूस दमतो, थांबतो. जनरेटर थांबत नाही. यंदा वर्गणी मागायला कार्यकर्ते दारात आले की डीजे ठरवलाय का, हे आधी विचारा. ठरवला असेल तर पावती घेऊ नका.