सुपरहिरो एक, बनवणारे चार!

बॅटमॅन कोणी तयार केला? कॅन्टीनमध्ये हा प्रश्न टाकून बघा. बहुतेक जण खांदे उडवतील. एखादा कॉमिकवेडा असेल तर छाती फुगवून सांगेल, "बॉब केन!" मग त्याला पुढचा प्रश्न विचारा, "आणि बिल फिंगर कोण?" आता तोही गप्प!

मित्र-मैत्रिणींनो, यंदा आम्ही चौघांनी मिळून एक सुपरहिरो कॉमिक केलं. नाव 'कपॅसिटर', पानं सोळा, वेळ अख्खं एक सेमिस्टर (त्यात दोन युनिट टेस्ट आणि सबमिशनची धावपळ धरून). मी त्याची लेखिका. म्हणजे गोष्ट आणि संवाद माझे. हे काम करता करता माझं एक मत पक्कं झालं. चार जणांनी मिळून केलेल्या कॉमिकवर चारही नावं छापली पाहिजेत, कोणी काय केलं त्यासकट. आणि हे कॉमिक सुरू करण्याआधी ठरलं पाहिजे, संपल्यावर नाही. ऐकायला फार साधं वाटतं ना? पण सुपरहिरोंचा पंच्याऐंशीहून जास्त वर्षांचा इतिहास याच साध्या गोष्टीवरच्या भांडणांनी भरलेला आहे. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाकडे जरा कानाडोळा करा, मुद्द्याकडे बघा!)

सुरुवात अगदी पहिल्या सुपरहिरोपासून करू. जेरी सीगल आणि जो शुस्टर हे अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचे शाळकरी मित्र. एक लिहायचा, दुसरा चित्रं काढायचा. आपल्यासारखंच स्वतःचं छोटं मासिक काढणारी पोरं! दोघांनी मिळून सुपरमॅन तयार केला आणि १९३८ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याचे सगळे हक्क १३० डॉलरला प्रकाशकाला देऊन टाकले. तेरा पानांची गोष्ट, पानाला दहा डॉलर, हिशोब संपला. पुढे कोर्टकचेरी झाली आणि सुपरमॅनवरून त्यांची नावंसुद्धा गेली. ती परत यायला १९७५ साल उजाडलं. तेव्हा दोघेही साठी ओलांडलेले होते.

बॅटमॅनचं तर त्याहून वाईट. बॉब केनच्या पहिल्या चित्रातला बॅटमॅन लाल कपड्यातला, डोळ्यांवर छोटी पट्टी आणि पाठीला ताठ पंख लावलेला होता. बिल फिंगरने सुचवलं की कान असलेला मुखवटा दे, पंखांऐवजी केप दे, हातमोजे घाल, रंग करडा कर. ब्रूस वेन आणि गॉथम ही नावं फिंगरची. १९३९ मध्ये छापलेली पहिली गोष्टही त्यानेच लिहिलेली. पण करार केला होता केनने, म्हणून नाव छापलं गेलं एकट्या केनचं. फिंगर १९७४ मध्ये गेला. त्यानंतर केनने आपल्या आत्मचरित्रात कबूल केलं की फिंगरला श्रेय मिळायला हवं होतं. आणि प्रत्यक्ष नाव जोडलं गेलं २०१५ मध्ये! म्हणजे पहिल्या अंकानंतर ७६ वर्षांनी आणि माणूस गेल्यावर ४१ वर्षांनी.

आता कोणी म्हणेल, ही लबाड प्रकाशकांची गोष्ट झाली, त्याचा आमच्या कॉलेजशी काय संबंध? संबंध आहे. कारण हे नुसत्या लबाडीने होत नाही. मिळून केलेल्या कॉमिकमध्ये 'हे कोणी केलं' हे मुळातच पटकन दिसत नाही. वाचणाऱ्याला एकच पान दिसतं. त्याच्या मागे चार डोकी आहेत हे त्याला कुठून कळणार?

आमचंच उदाहरण घ्या. कपॅसिटर म्हणजे थर्ड इयर इलेक्ट्रिकलचा एक पोरगा. त्याच्या अंगात चार्ज साठतो. एकदा डिस्चार्ज झाला की पुन्हा चार्ज होईपर्यंत तो तुमच्या-माझ्यासारखाच साधा माणूस. व्हिलन आहे वीज चोरणारा एक बिल्डर. ही माझी आयडिया, आणि खरं सांगू का, ती एका संध्याकाळी सुचली. तिची सोळा पानं करायला मात्र तिघांनी रात्रीच्या रात्री जागून काढल्या.

पहिला आमचा पेन्सिलवाला, मेकॅनिकलचा. चौथ्या पानासाठी मी लिहून दिलं होतं, 'कपॅसिटर खांबावर चढतो'. एवढंच. त्याने चित्र आणलं त्यात खांबाखाली सायकल धरून एक म्हातारा वायरमन उभा! मी विचारलं, हा कोण? म्हणाला, "खांबावर चढायला याला कोणीतरी शिकवलं असेल ना?" तो वायरमन मग जाईचना. सातव्या पानावर आला, अकराव्यावर बोलायला लागला, आणि शेवटी कपॅसिटरचा चार्ज संपल्यावर बिल्डरचं चोरीचं कनेक्शन तोच तोडतो. ज्यांनी ज्यांनी वाचलं त्यांना सगळ्यात जास्त आवडला तो वायरमनच. आता सांगा, गोष्टीची लेखक मी एकटी कशी?

हे मोठमोठ्यांच्या बाबतीतही झालंय. मार्वेलमध्ये १९६० च्या दशकात स्टॅन ली थोडक्यात कथानक सांगायचा, चित्रकार पूर्ण पानं काढायचा आणि मग ली त्यात संवाद भरायचा. या पद्धतीचं नावच 'मार्वेल मेथड' पडलं. 'फँटॅस्टिक फोर'च्या १९६६ मधल्या ४८ व्या अंकासाठी जॅक कर्बीने पानं आणून दिली तर त्यात सर्फबोर्डवर उभा असलेला एक चंदेरी माणूस! लीने सांगितलेल्या कथानकात तो नव्हताच. तोच पुढे प्रसिद्ध झालेला सिल्व्हर सर्फर. म्हणजे चित्रकार नुसती 'चित्रं काढत' नव्हता, गोष्टही रचत होता. स्पायडरमॅनचा चित्रकार स्टीव्ह डिटको याला कथानकाचं श्रेय छापून मिळायला लागलं ते १९६५ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी तो सोडून गेला.

दुसरी आमची शाईवाली, सिव्हिलची. पेन्सिलच्या चित्रावर शाई फिरवणं म्हणजे इंकिंग. हॉस्टेलवर सगळे तिला म्हणायचे, "म्हणजे तू जीटी मारतेस!" काचेखाली ट्यूबलाइट, काचेवर मित्राची शीट आणि त्यावर आपली. फर्स्ट इयरला ज्याने हे केलं नाही त्याने पुढचं वाक्य वाचू नये! पण इंकिंग जीटी नाही, हे मी शेजारी बसून पाहिलंय. पेन्सिलमध्ये करडा रंग असतो, शाईत नसतो. तिथे एकतर काळं नाहीतर पांढरं. त्यामुळे कुठली सावली पूर्ण काळी करायची, कुठली रेघांनी दाखवायची, कुठली सोडून द्यायची, हे सगळं इंकरला ठरवावं लागतं. ड्रॉइंगच्या सरांनी आउटलाइन जाड आणि डायमेन्शन लाइन बारीक काढायला का शिकवलं ते आठवा. जाड रेघेने वस्तू पुढे येते, बारीक रेघेने मागे जाते. आमच्या नवव्या पानावर रात्रीचा सीन आहे. पेन्सिलमध्ये तिथे सहा इमारती होत्या. हिने सगळं काळं करून फक्त एक खिडकी पांढरी ठेवली. भीती वाटते ती त्या खिडकीमुळे.

तिसरा आमचा अक्षरवाला, कॉम्प्युटरचा ज्युनिअर. संवादाचे फुगे आणि त्यातली अक्षरं त्याची. फुग्यांचा क्रम चुकला तर उत्तर आधी आणि प्रश्न नंतर वाचला जातो आणि विनोदाची वाट लागते. मराठीत तर हे काम आणखी अवघड. आपल्या अक्षरांच्या वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार, त्यामुळे इंग्रजीपेक्षा ओळींमध्ये अंतर जास्त लागतं. अंतर वाढलं की फुगा वाढतो आणि फुगा वाढला की हिरोचं तोंड झाकलं जातं! इंग्रजी कॉमिक्समध्ये सगळं कॅपिटलमध्ये लिहायची रीत आहे. आपल्याकडे कॅपिटलच नाहीत, मग ओरडणं दाखवायचं कसं? त्याने ओरडण्यासाठी जाड आणि तिरकी अक्षरं हाताने काढली. शिवाय आवाजही त्याचेच. मी लिहिलं होतं 'क्रॅश'. त्याने केलं 'खळ्ळकन!' हा मराठी मीडियमचा पोरगा. काच फुटली की 'खळ्ळकन', वायर तुटली की 'सट्टकन', बिल्डर पडला की 'धप्पकन'. एकेका शब्दाने पान आपल्या गल्लीतलं वाटायला लागलं.

आता खरी गोष्ट. हे कॉमिक आम्ही एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला पाठवलं आणि दुसरा नंबर आला. फॉर्मवर रकाना एकच होता, 'स्पर्धकाचे नाव'. त्यात आम्ही चौघांची नावं बारीक अक्षरात कोंबून बसवली होती. सर्टिफिकेट आलं ते एकट्या पहिल्या नावाचं, म्हणजे माझं. बाकी तिघे कोण? 'अँड टीम'! विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "लेखिका तुम्हीच ना? बाकीच्यांनी ड्रॉइंगच तर केलंय."

'ड्रॉइंगच तर'! त्यातल्या 'च'ने घात केला.

यावर शाईवाली म्हणाली, "जाऊ दे गं, मी काय, वरून गिरवलं फक्त." मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. दुसऱ्यांनी कमी लेखलं तर भांडता येतं, पण माणूस स्वतःच स्वतःला कमी लेखायला लागला तर काय करायचं? अक्षरवाल्याला पुढे डिझाइनमध्ये मास्टर्स करायचंय. त्याच्या पोर्टफोलिओत तो काय लावणार, 'अँड टीम'? आणि दुसऱ्या अंकाची गोष्ट माझ्याकडे तयार आहे, पण पेन्सिलवाल्याने अजून हो म्हटलेलं नाही. तो काही बोलत नाही, पण मला समजतं. मित्रासाठी एकदा रात्री जागता येतं. नाव नसेल तर दुसऱ्यांदा कोण जागेल?

काही जण म्हणतात, मूळ कल्पना महत्त्वाची, बाकी सगळी मजुरी. मग मी विचारते, कल्पनेचा कागद स्पर्धेला पाठवला असता तर नंबर आला असता का? काही जण म्हणतात, हौसेचं काम आहे, नावासाठी काय भांडायचं? पण गंमत बघा, हे बहुतेक वेळा ज्याचं नाव आलेलं असतं तोच म्हणतो! आणि एकट्याने केलं असेल तर एकच नाव असावं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. राज कॉमिक्सच्या सुपर कमांडो ध्रुवच्या कितीतरी गोष्टी अनुपम सिन्हा यांनी स्वतः लिहिल्या आणि स्वतःच काढल्या. तिथे एक नाव हेच खरं. पण त्याच राज कॉमिक्सचा नागराज १९८६ मध्ये आला तेव्हा गोष्ट परशुराम शर्मांची होती आणि चित्रं आपल्या पुण्याच्या प्रताप मुळीक यांची. नागराज किती जणांना माहीत आहे आणि मुळीक किती जणांना? इंद्रजाल कॉमिक्समधला बहादूर आबिद सुरतींनी लिहिला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी काढला. जुन्या वाचकाला विचारा, त्याच्या डोळ्यांसमोर आधी बहादूरचा केशरी कुर्ता येईल की सुरतींचं एखादं वाक्य?

सगळ्यांचं काम अगदी सारखं होतं, असंही मी म्हणत नाही. उलट, कोणी काय केलं ते स्पष्ट लिहा, एवढंच म्हणणं आहे. स्टॅन लीवर श्रेय लाटल्याचे आरोप झाले, पण त्याच्याच अंकांत पहिल्या पानावर चौकट असायची आणि तिच्यात लेखक, चित्रकार, इंकर आणि चक्क अक्षरं काढणाऱ्याचंही नाव असायचं. तेवढं तरी आपण त्याच्याकडून घेऊच शकतो.

म्हणून पुढच्या वर्षी जे कोणी कॉमिक, शॉर्ट फिल्म किंवा अगदी फायनल इयरचं प्रोजेक्ट मिळून करणार असतील त्यांच्यासाठी माझे तीन नियम. एक, पहिली रेघ ओढण्याआधी एका कागदावर सगळ्यांची नावं आणि कामं लिहा. दोन, काम करता करता कोणी नवं पात्र किंवा प्रसंग आणला तर तो कागद काढा आणि बदला. आमच्या कागदावर आता 'कथा' या शब्दापुढे दोन नावं आहेत, माझं आणि पेन्सिलवाल्याचं. तीन, मूळ पानं ज्याने काढली त्याच्याकडे राहू द्या. कर्बीसारख्या माणसाला स्वतःच्याच पानांसाठी १९८० च्या दशकात वर्षानुवर्षं भांडावं लागलं आणि शेवटी मिळाला तो त्यातला थोडाच हिस्सा. आपल्याकडे निदान झेरॉक्सचं दुकान गेटसमोरच आहे!

आणि स्पर्धा भरवणाऱ्यांना एक नम्र विनंती. फॉर्मवर फक्त तीन ओळी वाढवा. कागद तेवढाच लागेल, खर्च काही नाही. सर्टिफिकेटवर 'अँड टीम' लिहायला जेवढी शाई लागते, तिच्यात आणखी थोडी घातली की तीन माणसांची नावं होतात. सुपरहिरोला मुखवटा शोभतो हो, पण त्याला बनवणाऱ्यांना कशाला?