समोर पोलीस आहे का?

वर्ध्यात बजाज चौकाच्या अलीकडे समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याला डोळ्यांनीच विचारलं जातं, समोर पोलीस आहे का? 'आहे' अशी खूण आली, की हँडलला लटकणारं हेल्मेट डोक्यावर चढतं आणि चौक सरला की पुन्हा हँडलवर येतं. रहदारीच्या कायद्याविषयीचे आपले बहुतेक प्रश्न याच प्रश्नाची पिल्लं आहेत. "सेवाग्रामलेच तं जातो, आठ किलोमीटर, हेल्मेट काऊन?" "मागच्या सीटवर पट्टा कोण लावते?" "रात्री रस्ता रिकामाच असते, मंग वेगाची मर्यादा कोणासाठी?"

शेवटचा प्रश्न त्यातल्या त्यात शहाणा वाटतो, म्हणून आधी तोच घेऊ. रिकामा रस्ता म्हणजे कोणता? कापसाच्या हंगामात रात्री देवळीकडून किंवा हिंगणघाटकडून येऊन पाहावं. कापसानं फुगलेली ट्रॉली पुढे चाललेली असते. तिला मागे दिवा नसतो, आणि रिफ्लेक्टर असलाच तर तो मातीनं माखलेला असतो. शेतातून कधी रोही उडी घेतो, कधी रानडुकरं आडवी जातात. हा रस्ता भरलेलाच असतो; आपल्याला दिसत नाही एवढंच. आता साधा हिशेब करू. ताशी 80 किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. समोरचं दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद जातो. पुढे कोरड्या डांबरावर थांबायला आणखी पस्तीसेक मीटर लागतात. समोरच्यासाठी दिवे डीम केले असतील, तर चाळीसेक मीटरपलीकडची काळी ट्रॉली धड दिसत नाही. थांबायला लागतात सत्तावन्न, दिसतात चाळीस. मधल्या सतरा मीटरांत पोलीस उभा असो वा नसो, काय फरक पडतो?

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे समृद्धी महामार्ग. तिथं 120 चालते, मग इथंच काय बिघडतं? तिथं समोरून गाडी येत नाही, ट्रॅक्टर नाही, दुचाकीला मज्जाव आहे. आणि एवढं करूनही 1 जुलै 2023 ला सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस पेटली आणि 25 जण गेले. त्यांत वर्ध्याची कितीतरी माणसं होती. तेव्हा समृद्धीचा दाखला निदान आपण तरी देऊ नये.

दुसरी समजूत उघड कोणी बोलत नाही, पण मनात असते. सेवाग्राम आणि सावंगी, दोन मोठे दवाखाने हाकेवर आहेत. काही झालंच तर पोहोचवतील. 24 जानेवारी 2022 च्या रात्री सेलसुऱ्याजवळ पुलावरून कार कोसळून सात तरुण गेले. ते सावंगीच्याच वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. त्या अपघाताच्या कारणाचा निवाडा मला इथं करायचा नाही. दवाखाना जवळ असण्याचा आधार किती तकलादू आहे, एवढंच सांगायचं आहे.

दारूबंदीच्या जिल्ह्यात पिऊन कोण चालवणार, हा युक्तिवाद तर हसून सोडून देण्याजोगा. जिल्ह्याच्या सीमेवर बाटलीला फाटक नाही. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमची कायद्याची मर्यादा वर्ध्यालाही तीच.

एक तक्रार मात्र मी खोडणार नाही. चालान म्हणजे वसुली, असं लोक म्हणतात, आणि ते निम्मं खरं आहे. तपासणी होते दिवसा, चौकात, जिथं सावली आणि गिऱ्हाईक दोन्ही मिळतात. मरण येतं रात्री, चौकाबाहेर. पण यावरून कायदा फोल ठरत नाही. तो चुकीच्या जागी उभा आहे एवढंच ठरतं. ट्रॉलीला रिफ्लेक्टर हवाच, हाही कायदाच आहे. आणि कापसाची प्रत्येक ट्रॉली एका जागी थांबतेच थांबते, जिनिंगच्या काट्यावर. तिथं वजनाची पावती फाडताना मागे चिकटवलेली चकाकती पट्टी पाहायला, नसेल तर चिकटवायला, किती वेळ लागेल? बाजार समितीनं आणि जिनिंगवाल्यांनी मनावर घेतलं, तर पोलीस लागणारही नाही.