डायनोसॉर कशावरून ओळखावा?

डायनोसॉर म्हणजे काय असें एखाद्या विद्यार्थ्यास विचारलें, तर बहुधा उत्तर मिळतें, "पूर्वीं होऊन गेलेला फार मोठा आणि क्रूर प्राणी." या उत्तरांतील एकहि विशेषण खरें लक्षण नव्हे. मोठा तर देवमासाहि आहे. आणि उंदरास विचाराल, तर मांजराएवढें क्रूर कोणीच नाहीं. चीनमध्यें सांपडलेला मायक्रोरॅप्टर नांवाचा डायनोसॉर सुमारें कावळ्याएवढा होता व त्याच्या हातांप्रमाणें पायांसहि लांब पिसें होतीं. उलट, आकाशांत उडणारे टेरोसॉर व समुद्रांत पोहणारे इक्थिओसॉर हे पुष्कळ चित्रमय पुस्तकांत डायनोसॉरांच्या पंक्तीस बसविलेले आढळतात. वास्तविक ते त्या कुळांतले नव्हत. आमचें म्हणणें असें कीं, लांबीरुंदीचे आंकडे पाठ करवून आणि दांतांची भीति दाखवून या प्राण्यांची ओळख करून देणें हें शिक्षण नव्हे. ती हाडांवरून करून दिली पाहिजे.

हाडांतहि प्रथम पाहावी ती कंबर. आपल्या कुंपणावरचा सरडा किंवा माळावरची घोरपड पाहा. त्यांचे पाय अंगाच्या दोन्हीं बाजूंस फांकलेले असतात व चालतांना शरीर नागमोडी वळतें. डायनोसॉरचे पाय मात्र घोड्याच्या किंवा हत्तीच्या पायांप्रमाणें थेट शरीराखालीं उभे असत. त्यासाठीं त्याच्या खुब्याच्या खळगीस आरपार भोंक असे, आणि मांडीच्या हाडाचें डोकें आंतल्या बाजूस वळून तींत बसे. खांबांवर तुळई टेकावी तसा देहाचा भार पायांवर येई. इंग्लंडांतील शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनीं १८४२ सालीं या कुळास 'भयंकर सरडा' अशा अर्थाचें ग्रीक नांव दिलें, तें देतांना त्यांची दृष्टि या उभ्या पायांकडे व कमरेंत एकजीव झालेल्या मणक्यांकडे होती. पण लोकांनीं लक्षण सोडलें आणि नांव तेवढें उचललें!

पुढें १८८७ सालीं हॅरी सीली यांनीं कमरेवरूनच या कुळाचे दोन वर्ग पाडले. पहिल्या वर्गांत कमरेचें एक हाड सरड्याप्रमाणें पुढें वळलेलें असतें. दुसऱ्यांत तें पक्ष्याप्रमाणें मागें वळलेलें असतें. दोन पायांवर चालणारा मांसाहारी टायरॅनोसॉरस पहिल्या वर्गांतला. त्याची लांबी सुमारें ४० फूट, पण हात जेमतेम ३ फुटांचे आणि त्यांस दोनच बोटें. त्याच वर्गांत लांब मानेचे, चार पायांचे, पाला खाणारे अवाढव्य प्राणीहि येतात. त्यांचें डोकें देहाच्या मानानें अगदींच लहान, आणि दांत पाला ओरबाडण्याचे, चावण्याचे नव्हेत. चावण्याचें काम पोटाकडे! त्यांच्या मानेचे मणके आंतून पोकळ असून त्यांत हवा खेळे, म्हणूनच एवढी मान उचलतां येई. दुसरा वर्ग बहुतेक सारा शाकाहारी. पाठीवर हाडांचे उभे पत्रे व शेंपटीवर चार खिळे असलेला स्टेगोसॉरस, तीन शिंगांचा ट्रायसेराटॉप्स आणि शेंपटीच्या टोंकास हाडाचा सोटा बाळगणारा अँकिलोसॉरस हे सर्व यांतले. गंमत अशी कीं, आजचे पक्षी उत्पन्न झाले ते या पक्ष्यासारख्या कमरेच्या वर्गांतून नव्हे, तर सरड्यासारख्या कमरेच्या वर्गांतून. खिडकींत येणारी चिमणी शास्त्रदृष्ट्या डायनोसॉरच होय.

हाडें पाहावयास शिकविण्याचें आणखी एक कारण आहे. चित्रें बदलतात. इग्वानोडॉन या प्राण्याचें एक टोंकदार हाड प्रथम सुटें मिळालें, तेव्हां तें नाकावरचें शिंग समजले, आणि १८५४ सालीं लंडनजवळ सिडनॅम येथें उभारलेल्या पुतळ्यांत तें नाकावरच बसविलें गेलें. १८७८ सालीं बेल्जममधील बर्निसार गांवीं कोळशाच्या खाणींत याच जातीचे पुरे सांगाडे निघाले, आणि तें हाड हाताच्या अंगठ्याचें ठरलें! ज्यानें चित्र पाठ केलें त्याचें ज्ञान त्या दिवशीं फुकट गेलें. ज्यास हाड कशास जोडतें हें कळत होतें त्याचें वाढलें.

आणि हाडें दूरदेशींच आहेत असें थोडेंच आहे? चंद्रपूर जिल्ह्यांत वरोऱ्याकडील डोंगरगांव येथें एका लांब मानेच्या जातीच्या डायनोसॉरचा सांगाडा सांपडला. दख्खनच्या काळ्या पाषाणाचे थर सांचण्याच्या सुमाराचा हा प्राणी. सोहनलाल जैन व शाश्वती बंद्योपाध्याय यांनीं १९९७ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि २००३ सालीं त्यास इसिसॉरस हें नांव मिळालें. त्याच्या भाऊबंदांच्या मानानें त्याची मान आंखूड आणि पुढचे पाय लांब. त्याच जिल्ह्यांतील पिसदुरा येथें दगड झालेलें शेण मिळतें. त्यांत गवताचे सूक्ष्म अवशेष आहेत असें २००५ सालीं प्रसिद्ध झालें आणि त्या काळीं गवत नव्हतें हा प्रचलित समज मोडला. टायरॅनोसॉरसचे दांत मोजणाऱ्या आमच्या मुलांपैकीं कितीजणांनीं डोंगरगांवचें नांव ऐकलें आहे?

ही अनास्था निरुपद्रवी नाहीं. मध्यप्रदेशांत धार जिल्ह्यांतील एका गांवीं लोक कांहीं वाटोळे दगड 'काकड भैरव' म्हणून पूजीत असत. तीं डायनोसॉरचीं अंडीं असल्याचें २०२३ सालीं उघड झालें. त्या गांवकऱ्यांस कोणी हंसूं नये. त्यांनीं तीं निदान जपलीं. ज्यास देवहि दिसत नाहीं आणि हाडहि ओळखतां येत नाहीं, तो तोच दगड फोडून शेताच्या बांधास लावील. यासाठीं पालकांनीं मुलांस पुढील खेपेस चित्रांचें पुस्तक घेऊन देण्याऐवजीं घरच्या कोंबडीचीं हाडें स्वच्छ करून जुळवावयास द्यावीं. खुब्याची आरपार खळगी तिच्यांतहि दिसते. आणि शाळांनीं भिंतीवर लावावयाच्या तक्त्यांत पहिलें स्थान इसिसॉरसला द्यावें. त्याचीं मूळ हाडें कोलकात्यास इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्यें आहेत. त्यांच्या प्रतिकृति निदान वरोरा-चंद्रपूरकडील शाळांतून तरी असाव्या.