फटाका दोन तासांचा, गंजी वर्षाची



फटाक्यांवर या देशात कायदे कमी नाहीत. 1999 च्या अधिसूचनेने आवाजाची हद्द घातली : फटाका फुटतो तिथून 4 मीटरवर 125 डेसिबल. 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत आवाजाच्या फटाक्यांना मनाई केली. 23 ऑक्टोबर 2018 च्या निकालाने दिवाळीला रात्री 8 ते 10 असे दोनच तास दिले, फटाक्यांच्या माळा बंद केल्या आणि हुकूम मोडला तर त्या हद्दीच्या ठाणेदाराला जबाबदार धरले. विक्रीसाठी 2008 चे स्फोटक नियम आहेत. तात्पुरत्या दुकानांत एकमेकांपासून 3 मीटर अंतर हवे, दुकाने समोरासमोर नकोत.

हे सारे वाचले की एक गोष्ट ध्यानात येते. दुकानात ठेवलेल्या फटाक्याला अंतर ठरले आहे. पेटवलेला बाण कोणाच्या गंजीपासून किती लांब असावा, याचा या नियमांत कुठे विचार नाही. शहराचा कान आणि शहराची छाती मोजून हे नियम झाले. म्हातारे, आजारी आणि लेकरे गावातही आहेत, म्हणून त्या नियमांशी आमचे भांडण नाही. पण गावाचा मोठा धोका आवाजाचा नाही, धुराचाही नाही. तो आगीचा आहे.

कोरडवाहू कास्तकाराची दिवाळी कशी येते ते पाहा. सीतादही होऊन पहिली वेचणी घरात आलेली असते. त्या कापसात ओल जास्त. सरकारी खरेदीत 8 टक्के ओलीला पूर्ण भाव, 12 टक्क्यांच्या वर माल परत. म्हणून कापूस अंगणात, ओसरीवर, गच्चीवर वाळत पडतो. त्याच सुमारास खरीप ज्वारीची कणसे खुडून कडब्याची गंजी लागते. म्हणजे वर्षाची कमाई आणि बैलांची वर्षाची वैरण उघड्यावर, आणि डोक्यावरून बाण उडतात. लग्नसराईत तेच. रब्बीचा कडबा तेव्हा कडकडीत वाळलेला असतो आणि वरातीला वेळेचे भान नसते.

कापसाची आग फसवी असते. कच्च्या रुईवर मेणाचा पातळ थर असतो, त्यामुळे पाणी वरून ओघळून जाते. ठिणगी आत शिरते, धुमसत राहते आणि विझली असे समजून माणसे झोपली की पुन्हा पेट घेते. अशी गंजी फोडून, पसरून विझवावी लागते. तोवर उरलेल्या मालाला भाव राहत नाही.

नंतर कायदा काय देतो? भारतीय न्याय संहितेच्या कलम 287 खाली आगीबाबत निष्काळजीपणा केल्यास 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड. 2025-26 च्या हमीभावाने लांब धाग्याचा 10 क्विंटल कापूस 81,100 रुपयांचा होतो. पीक विमा शेतातल्या पिकाचा, घरात आलेल्या मालाचा नाही. पंचनामा होतो, कागद तालुक्याला जातो, आणि बाण कोणाच्या पोराने सोडला यावरून दोन घरांचे बोलणे पिढीभर तुटते.

यावर उपाय म्हणून सरकारकडे आणखी एक कायदा मागावा का? आमचे मत, मागू नये. नवा कायदा म्हणजे नवा परवाना आणि नवा हप्ता. पोलीस ठाणे कोसभर दूर असते. ठाणेदार येईपर्यंत कडबा संपलेला असतो. ज्याची गंजी, त्यानेच नियम करावा. ग्रामसभेच्या ठरावाने कोणाला तुरुंगात टाकता येत नाही हे खरे. पण चारचौघांत हात वर करून दिलेला शब्द गावात मोडणे सोपे नसते.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पुढील ठराव मांडावा, असे आम्ही सुचवतो.

1. घरोघरीचा कापूस विकून होईपर्यंत आणि गंज्या उभ्या असेपर्यंत गावठाणात बाण व आकाशात उडणारे कंदील सोडू नयेत. फुलबाज्या, भुईनळे, भुईचक्रे लेकरांनी खुशाल उडवावीत.

2. फटाके एकाच जागी, वस्ती आणि खळ्यांपासून दूर, नांगरलेल्या मोकळ्या रानात उडवावेत. वेळ रात्री 8 ते 10. वारा गंज्यांकडे वाहत असेल तर त्या दिवशी बंद.

3. वरात आणि निवडणुकीच्या मिरवणुकीलाही हाच नियम. मिरवणूक कोणत्या पक्षाची ते पाहू नये.

4. कापूस आणि कडबा शेजारी ठेवू नये. दोन गंज्यांत मोकळी जागा सोडावी. हे काम आपले, त्यासाठी दुसऱ्याकडे बोट दाखवता येणार नाही.

5. दिवाळीच्या रात्री प्रत्येक आळीत दोन-चार फवारणी पंप स्वच्छ धुऊन, पाणी भरून तयार ठेवावेत. सोबत गंजी फोडायला दाताळे.

यात कोणाची दिवाळी हिरावली जात नाही. फटाके आणायला पैसा कापसातूनच येतो. तोच कापूस त्या फटाक्याने जळू नये, एवढेच. ज्या गावी ठराव होईल त्या गावच्या कार्यकर्त्यांनी त्याची नक्कल पुढच्या जिल्हा बैठकीत आणावी. एका गावाने केलेला नियम शेजारच्या गावाला वाचून दाखवला, की तो पसरायला सरकार लागत नाही.